लाईन

सातवी ब. चाचणी क्रमांक दोन.
प्रश्न तिसरा : शब्दाचा अर्थ लिहून वाक्यात उपयोग करा.
शब्द मी साधाच दिला होता. लाईन.
उत्तर मनात ठरलेलं : रेघ. फार तर रांग.
एक मार्क.

साजिद शिकलगारनं पुरवणी मागून घेतली.

लिहितो :
लाईन म्हणजे करंट. आज सोमवार, लाईन नाही,
म्हणून अब्बांचं धार लावायचं चाक बंद आहे
आणि सगळ्या गल्लीच्या विळ्या बोथट आहेत.

लाईन म्हणजे नंबर. गंगावेशीत म्हशीचं दूध प्यायला
पेला धरून लाईनीत थांबावं लागतं.
मध्ये घुसलं की गवळीमामा म्हणतात,
भावा, म्हस पण लाईनीतनं आलीया.

लाईन म्हणजे
(इथं खोडलंय, मग त्यावरच पुन्हा लिहिलंय)
माझा भाईजान मेसवाल्या काकूंच्या पोरीवर मारतो ती.
ती लाईन देत नाही.
भाईजान म्हणतो, विषय हार्ड आहे.

लाईन म्हणजे धंदा. खालाचा मुलगा हुपरीला चांदीच्या लाईनीत आहे.
मामू आधी चांगल्या लाईनीला होते, आता नाहीत.
त्यांना लाईनवर आणायला नानी रोज फोन करते,
पण लाईन बिझी लागते.

लाईन म्हणजे आमचा पत्ता. लाईन बाजार, कोल्हापूर.
कुठली लाईन, कसला बाजार, ते नानीला पण माहीत नाही.
ती म्हणते, पोस्टमनला माहीत आहे तेवढं बास.

लाल पेन उघडं ठेवून मी बसून राहिले.

आमच्या घरात हा शब्द इंग्रजी नव्हताच कधी.
आमचे आबा, हिंदुराव वायरमन,
जेवताना, झोपताना, पाहुण्यांत बसल्यावरही
त्यांचं लक्ष दुसरीकडं, विजेच्या बारीक गुणगुणीकडं.
रात्री लाईन आली की अख्खी गल्ली
एका घशानं ओरडायची : आलीऽऽ!
कोण आली, असं कुणी कधी विचारलं नाही.

पोलवर चढायच्या आधी आबा फोन लावायचे :
लाईन बंद हाय न्हवं?
पलीकडून : बंद हाय.
मग चढायचे.

एकदा पलीकडचा माणूस दुसऱ्याच फीडरचं बोलत होता.

आबा पडले ते खाली उभ्या असलेल्या
वैरणीच्या गाडीवर, ओल्या वाड्यांत.
वाचले.
उजव्या तळव्यावरच्या रेषा मात्र गेल्या त्या गेल्याच.
पुढं जोतिबाच्या खेट्यांना एका ज्योतिषानं
तो तळवा उन्हात धरला, फिरवला,
आणि दहाची नोट परत दिली.
आबा आठवडाभर सांगत सुटले होते :
त्यो म्हणतोय, काका, तुमच्यात लाईनच न्हाई!
आई हसली नाही.

आता घरी असतात. अंधार झाला की
शेजारची पोरं कठड्यावर येऊन विचारतात,
आबा, लाईन कवा येणार?
ते हवेत कान लावल्यासारखं करतात.
पाऊण तास, म्हणतात.
कधी बरोबर येतं, कधी चार तास लागतात.

पेपर हातात तसाच घेऊन मी बाहेर गेले.
आबा, लाईन म्हणजे काय ओ?
शेंगा फोडायचं थांबून म्हणाले,
बंद हाय म्हणून कुणी कितीबी सांगू दे,
चालू हाय असं धरूनच जायचं.
आणि आधी उलटा हात लावून बघायचा.
का?
तळहात लावला तर मूठ मिटती, पोरी.
मग धरल्यालं सुटत न्हाई.

परत आत आले.
समास आखला नव्हता साजिदनं,
अर्धा मार्क कापायचा नियम.
बिझीची वेलांटी मात्र बरोबर होती.
एकातले किती द्यायचे, ठरेना.

शेवटी खाली लिहिलं :
एक अर्थ राहिलाय.
रविवारी घरी ये, आबांना विचार.
आलास की दार वाजव,
उलट्या हातानं.